दहा बाय बाराची सजावट

प्रस्तावना

घर सजवण्याच्या पुस्तकांची आता वानवा नाही. गुळगुळीत पानांची ही पुस्तकं चाळताना एक गोष्ट ध्यानात येते: त्यांतल्या प्रत्येक घरात एक रिकामी भिंत असते. भिंतीपुढे सोफा, सोफ्यावर लोकरीची शाल, शेजारी उभा दिवा आणि भोवती चालाफिरायला ऐसपैस जागा. गिरगावातल्या वाडीत, परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही पुस्तकं बघायला आवडतात, पण वापरता येत नाहीत. त्याच्या घरात रिकामी भिंत कधी नव्हतीच. एका भिंतीला कपाट, दुसरीला भांड्यांची फळी, तिसरीच्या कोपऱ्यात मोरी आणि चौथीला दार-खिडकी. देवांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरी लागायच्या त्या वर उरलेल्या दोन फुटांत.

तरी ही घरं कधी उघडीबोडकी दिसली नाहीत. दिवाळीत गॅलरीत कंदील, गणपतीत मखर, दारावर मण्यांचं तोरण, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, ट्रंकेवर जुन्या साडीचं आवरण, रात्री अंथरायला गोधडी. यातलं बरंचसं घरात केलेलं असे. घरात नाही तर दोन खोल्या सोडून राहणाऱ्या काकूंनी केलेलं असे. या पुस्तकाचा विषय ही हातची सजावट आहे. ती कशी करायची हे पुढच्या प्रकरणांत सांगितलं आहे. ती अशीच का झाली, हे इथे सांगायचं आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत सकाळी स्वयंपाकघर असतं, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी दिवाणखाना आणि रात्री सहा-सात जणांची झोपायची खोली. अशा खोलीत कोणत्याही शोभेच्या वस्तूला बारमाही मुक्काम परवडत नाही. सण आला की ती माळ्यावरून खाली येते, चार दिवस मिरवते आणि जुन्या चादरीत बांधून पुन्हा वर जाते. म्हणून ती करतानाच तीन गोष्टी बघाव्या लागतात. ती वजनाला हलकी हवी, सुटी करून ठेवता आली पाहिजे, आणि पुढच्या वर्षी थोडी डागडुजी करून पुन्हा लावता आली पाहिजे. बाजारातून आणलेली वस्तू या तीन परीक्षांत बहुधा नापास होते. घरात केलेली पास होते, कारण माळ्यावर किती जागा उरली आहे हे करणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असतं. उतरवता येणारी सजावट हीच या भागाची खरी कला, असं माझं मत आहे आणि सगळं पुस्तक त्याच मतावर उभं आहे.

जपानी घरांत याच युक्तीला मोठी प्रतिष्ठा आहे. तिथे रात्रीच्या गाद्या सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात जातात. बैठकीच्या खोलीत 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा असतो, त्यात एखादंच चित्र टांगतात आणि ऋतू पालटला की तेही बदलतात. त्यावर जगभर पुस्तकं निघाली. आपल्याकडे हेच काम फळीवर, कोनाड्यात आणि उंबऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलं. त्याला सौंदर्यदृष्टी असं कोणी म्हटलं नाही. 'जागा नाही, काय करणार' एवढ्यावर ते निकालात निघालं.

घराची बांधणी आणि घराची सजावट यांचा संबंध या भागात अगदी उघड दिसतो. गिरगावातल्या जुन्या चाळी लाकडी सांगाड्याच्या. छताला तुळया, गॅलरीला लाकडी खांब आणि कठडा. तिथे काहीही टांगायचं तर तुळईला एक आकडा पुरतो, म्हणून गिरगावची सजावट वरून खाली लोंबणारी: कंदील, झुंबर, झिरमिळ्या, कागदी पताका. बीडीडी चाळींची गोष्ट वेगळी. सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या, त्यांत खिळा सुखासुखी शिरत नाही. त्यामुळे तिथे एकदा कसाबसा ठोकलेला खिळा पिढ्यानपिढ्या टिकवायचा, खिडकीच्या गजापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी ताणायची आणि सगळी आरास त्या सुतळीवर चढवायची, ही रीत पडली. सण संपला की त्याच सुतळीवर कपडे वाळत.

खोली आपली, पण गॅलरी सगळ्यांची. चाळीतल्या हातकामाला बहर आला तो या गॅलरीमुळे. मखराचा पुठ्ठा कापायला, गोधडी पसरायला, कंदिलाला कागद लावायला खोलीत जागाच नसे, त्यामुळे काम बाहेर येई. काम बाहेर आलं की बघणारे आणि सल्ला देणारे जमत, आणि बघताबघता त्यांतले दोघे कात्री हातात घेऊन बसत. क्रोशाचा अवघड टाका गिरगावात शेकडो मुलींनी वर्गात न जाता कठड्याला टेकून शिकला आहे. ज्यांना रीतसर शिकायचं होतं त्यांच्यासाठी गावदेवीला सेवासदन होतं. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली सुरू केलेल्या या संस्थेने बायकांना शिवण-भरतकाम शिकवलं ते हौसेपुरतं नव्हे, चार पैसे मिळवता यावेत म्हणून.

सामानाच्या बाबतीत हा भाग भाग्यवान. १८५४ साली ताडदेवला कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, शिवडी या पट्ट्याचं गिरणगाव झालं. गिरणी म्हणजे कापड, आणि कापड म्हणजे तुकडे. डागी माल, तागा संपताना उरलेले फेंट, कापून टाकलेल्या कडा हे सगळं गिरणीच्या दुकानात आणि आसपासच्या गल्ल्यांत स्वस्तात मिळे. गिरणगावातल्या उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या आणि पायपुसणी यांचे रंग त्या त्या वर्षीच्या तुकड्यांवरून ठरत. एकाच चाळीत दहा घरांना एकाच छापाचे पडदे दिसले तर त्यात नवल नसे.

बाकीच्या जिनसांसाठी आजही लांब जावं लागत नाही. कागद, पुठ्ठा, गोंद यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट. दिव्यांच्या माळा आणि होल्डरसाठी लोहार चाळ. कापडासाठी मंगलदास मार्केट. मणी, जरी, लेस, देवाची वस्त्रं यांसाठी भुलेश्वर. दादरला उतरलं की पश्चिमेला फुलबाजार, पुढे रानडे रोड, आणि पूर्वेला हिंदमाताची कापडाची दुकानं. गिरगावात कांदेवाडीला लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. लग्न झाल्यावर उरलेल्या पत्रिकांचा जाड, सोनेरी कागद वाया घालवणं हे गिरगावकराला जमत नाही. त्याची आहेराची पाकिटं होतात, कंदिलाच्या करंज्या होतात, देवाच्या फोटोमागची प्रभावळ होते. या पुस्तकात एक अख्खं प्रकरण जुन्या पत्रिकांवर आहे, ते उगाच नाही.

आता यातल्या तीन वस्तू जरा जवळून बघू. पहिला कंदील. माहीमची कंदील गल्ली दिवाळीआधी उजळून निघते, आणि तिथले तयार कंदील देखणे असतात यात वाद नाही. पण घरी केलेल्या कंदिलाचं गणित एकदा हाताखालून घालवावं. बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्यायच्या, एक वीत लांबीच्या चालतील. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन करायचे. मग ते चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे, बाजूला बाजू लावायची नाही. एक चौकोन वर, एक खाली, आणि मधले चार आपापल्या टोकावर उभे. बांधून झालं की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात; त्यांच्यासाठी एकही कामटी जास्त लागत नाही. वरचा चौकोन दिवा सोडायला उघडा ठेवायचा, खालच्याला झिरमिळ्या लावायच्या, बाकीच्यांवर पतंगी कागद किंवा जिलेटिन. चिकटवायला मैद्याची खळ. जुनी माणसं तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालत. ते विष आहे, घरात लहान मूल असेल तर घालू नये आणि खळ त्याच दिवशी संपवावी. दिवाळी सरली की कागद फाडून टाकायचा आणि सांगाडा माळ्यावर. पुढच्या वर्षी त्याच कामट्यांवर नवा रंग चढतो. पूर्वी साध्या बल्बची उष्णता कागदाला बाधत असे, म्हणून कंदील मोठा करावा लागे. एलईडी आल्यापासून लहान कंदीलही बिनघोर होतो, आणि लहान खिडकीला लहान कंदीलच शोभतो.

दुसरी गोधडी. गिरणगाव घाटावरून आणि कोकणातून आलेल्या माणसांनी भरलं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून येताना त्यांनी ट्रंक आणि वळकटी आणली, आणि वळकटीत गोधडी होती. नऊवारी लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं की ते गोधडीच्या वरच्या थराला जाई. आत जुनी धोतरं, चादरी, फाटके सदरे. काम गॅलरीत, दुपारच्या वेळी. कापड ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर पितळी तांबे नाहीतर वरवंटा ठेवायचा आणि कडेने धावदोरा घालायला घ्यायचा. कडेपासून आत, एकात एक चौकटी करत मध्यापर्यंत जायचं. मध्यापासून सुरुवात केली तर गोधडी फुगते आणि कडा वाकड्या होतात. चौघीजणी चार बाजूंना बसल्या तर काम भराभर उरकतं; फक्त चौघींचा टाका सारख्या लांबीचा हवा. जुनी गोधडी उलटी करून पाहिली तर कुठला टाका कोणाचा हे घरातल्या बाईला ओळखू येतं. दिवसा तीच गोधडी चौघडी करून भिंतीशी ठेवली की पाहुण्याला बसायला बैठक. एकच वस्तू रात्री अंथरूण आणि दिवसा आसन, यापेक्षा सोयीचं फर्निचर या खोल्यांना मिळालं नाही.

तिसरं मखर. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, १९३४ साली लालबागचा राजा बसला, आणि या भागाचं वर्ष गणपतीभोवती फिरू लागलं. मंडळांची आरास हा वेगळा विषय आहे. इथे घरच्या मखरापुरतं बोलू. एके काळी ते लाकडी पट्ट्यांचं किंवा पुठ्ठ्याचं असे. त्यावर साडी, घोटीव कागद, क्रेपची फुलं. ज्या कोकणी घरांचा गणपती मुंबईतच बसतो, तिथे आजही मूर्तीच्या डोक्यावर लहानशी माटवी बांधतात आणि तिला दादरच्या बाजारातून आणलेली फळं आणि पानं लटकवतात. मधल्या काळात थर्माकोल आला आणि सगळं झपाट्याने बदललं. तो पांढराशुभ्र, हलका, गरम तारेने लोण्यासारखा कापला जाणारा. पण तो कुजत नाही, आणि मोडला की जोडताही येत नाही. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, आणि त्या वर्षी पुष्कळ घरांत गणपतीच्या तोंडावर 'आता काय' असा प्रश्न पडला.

उत्तर जुनंच होतं. थर्माकोलची कामं सोडून पुठ्ठ्याची घडीची मखरं करणाऱ्या नानासाहेब शेंडकरांसारख्या कलावंताने ते बंदीच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं. घरात हे करायचं तर टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा घ्यावा. त्याच्या आतल्या नाळ्या कोणत्या दिशेला जातात ते आधी पाहावं. खांब करायचा तर नाळ्या उभ्या हव्यात, म्हणजे तो वजन पेलतो. कमान वळवायची तर वळणाच्या रेषा नाळ्यांना समांतर हव्यात, म्हणजे पुठ्ठा न मोडता वळतो. घडीची रेघ रिकाम्या बॉलपेनाने दाबून घ्यावी. जोड गोंदाने न करता खाचांनी करावेत: दोन्ही तुकड्यांना पुठ्ठ्याच्या जाडीएवढी रुंद आणि निम्म्या उंचीएवढी खोल खाच, आणि एकात एक सरकवलं की झालं. विसर्जनानंतर पाच मिनिटांत मखर सपाट होतं आणि कपाटामागच्या चार बोटांच्या फटीत वर्षभर राहतं.

या तिन्ही कामांत कष्ट बहुतेक बायकांचे, आणि त्यांची मोजदाद सर्वांत कमी झालेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि हौसेचं हातकाम पोटापाण्याचं झालं. कोणी साड्यांना फॉल-बिडिंग करू लागलं, कोणी राख्या, कोणी मण्यांची तोरणं. खाण्याच्या पदार्थांच्या उद्योगांना या भागात नाव मिळालं. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले त्याचं लिज्जत झालं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुई-दोऱ्याच्या कामाकडे मात्र 'रिकामपणचा उद्योग' म्हणूनच पाहिलं गेलं. लग्नातलं रुखवत आठवून पाहा. सुपारीच्या नवरा-नवरीची सप्तपदी, मण्यांचा कलश, लोकरीचं तोरण, भरतकामाचे रुमाल. चार-चार महिने खपून केलेल्या या वस्तूंभोवती पाहुणे एक फेरी मारत आणि जेवायला जात. आता दादरला तयार रुखवत विकत मिळतं, आणि त्याची किंमत ऐकल्यावर अनेकांना घरच्या मावशीच्या श्रमांचा हिशेब पहिल्यांदा कळतो.

आणि आता घरंच बदलत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव इथेही टॉवर उठले आहेत, उठत आहेत. १६० फुटांतून ५०० फुटांत गेलेल्या माणसांचा आनंद खरा आहे. सकाळी नळावरची आणि संडासची रांग चुकली हे काही थोडं नाही. जुन्या चाळीचे गोडवे गात बसण्यासाठी हे पुस्तक लिहिलेलं नाही. पण नव्या घरात गेल्यावर पहिल्या महिन्यात होतं काय, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालेली रिकामी भिंत बघून माणूस बावचळतो आणि दुकानातून हाताला लागेल ते आणून ती भरून टाकतो. गॅलरीही राहत नाही. अनेक सोसायट्यांत लॉबीमध्ये काही टांगू देत नाहीत, आणि शेजारचं दार बंद असतं. काम करायला जागा मिळाली आणि शिकवणारं माणूस दूर गेलं, अशी ही अडचण आहे.

त्या अडचणीवर हे पुस्तक पूर्ण उपाय नाही, पण मदत आहे. त्याचे चार भाग केले आहेत: कागद आणि पुठ्ठा, जुनं कापड, सूत आणि मणी, पानं-फुलं. प्रत्येक वस्तूला सुरुवातीलाच तीन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. किती जागेत करता येईल, उतरवल्यावर किती जागेत मावेल आणि बिघडली तर काय बदलावं लागेल. ज्या वस्तूंना या प्रश्नांची धड उत्तरं देता आली नाहीत त्या कितीही सुंदर असल्या तरी गाळल्या आहेत. मापं इंचांत आणि वितींत दिली आहेत. सामान बाजारातून नवं आणण्याआधी घरात काय सापडेल हेही सांगितलं आहे.

यातलं फारच थोडं मी शोधून काढलेलं आहे. बाकी सगळं गिरगाव, दादर, परळ आणि लालबागमधल्या अशा बायकांकडून आणि काही पुरुषांकडून आलेलं आहे ज्यांनी ते कधी लिहून ठेवलं नाही. आमचं नाव छापू नका, असं बहुतेकांनी बजावलं. त्यांच्या इच्छेला मान दिला आहे. त्यांचे आभार एका वाक्यात मानून सुटका होणार नाही हे मला माहीत आहे.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. जो सण जवळ आला असेल ते प्रकरण उघडा आणि एक वस्तू करून बघा. ती करताना घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या आजीला जवळ बसवा. ती तुमचा टाका चुकीचा ठरवेल, माझी रीतही चुकीची ठरवेल. ती सांगेल तसं करा, आणि तिची रीत याच पुस्तकाच्या समासात तिच्या नावासकट लिहून ठेवा. समास त्यासाठीच रुंद सोडले आहेत.